चौपन्न मुलं, दहा संगणक आणि आयटीचा तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेड्यातली अनुदानित शाळा, आठवी-नववीच्या तुकड्या, एका तुकडीच्या पटावर ५४ मुलं, लॅबमध्ये चालू स्थितीतले १० संगणक आणि आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. मॅडम मूळच्या विज्ञानाच्या, यंदा आयटी त्यांच्या गळ्यात पडलंय. मुलं लॅबमध्ये आली की एकेका संगणकाभोवती पाच-सहा जणांचा घोळका होतो, एकजण पेंटमध्ये रेघोट्या ओढतो, बाकीचे बघतात आणि घंटा होते. ‘संगणक वाढवून मिळेपर्यंत नुसती थिअरी घेऊ का?’ असं त्यांनी विचारलंय.

नका घेऊ. संगणक वाढणं तुमच्या हातात नाही, आणि दहाचे वीस झाले तरी घोळका निम्मा होईल एवढंच. मोजायची गोष्ट दुसरी आहे: एका मुलाचे हात वर्षभरात किती मिनिटं कीबोर्डवर पडतात? आत्ताच्या पद्धतीत दहा-बारा धीट मुलांचे भरपूर पडतात, उरलेल्यांचे जवळजवळ नाहीच. खाली सांगतोय त्या रीतीने प्रत्येकाला आठवड्याला आठ मिनिटं मिळतात. प्रत्यक्ष तास होणारे आठवडे तीस धरले तर २४० मिनिटं, म्हणजे अख्ख्या वर्षात चार तास. आकडा ऐकून हसू येईल, पण तो एकदा डोळ्यांपुढे आला की काय शिकवायचं आणि काय टाकून द्यायचं हे ठरवायला वेळ लागत नाही. संगणकाच्या पिढ्या, इनपुट-आउटपुट साधनांची यादी, बॅबेजचं यंत्र हे सगळं फळ्यावर करा. त्या चार तासांतलं एक मिनिटही त्यावर जाता कामा नये.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. लॅबमध्ये मागे बाकं किंवा बाहेर नजरेत राहील असा व्हरांडा आहे का, यावर निम्मा वर्ग कुठे बसवायचा ते ठरेल. तुमचे दहा संगणक सुटे आहेत की एकाच सीपीयूवर चार-पाच मॉनिटर जोडलेले आहेत, हेही बघा. शाळांना संगणक पुरवणाऱ्या सरकारी आयसीटी योजनेतल्या काही लॅबमध्ये तसली जोडणी असते, आणि मुख्य सीपीयू बसला की एका दमात पाच जागा जातात. विजेचं वेळापत्रक महावितरणच्या जवळच्या कार्यालयातून घ्या आणि आयटीचे तास त्याप्रमाणे लावून मागा. वेळापत्रक बनवणाऱ्या सरांना जूनमध्येच गाठावं लागतं, जुलैत कोणी ऐकत नाही. आणि यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरायची म्हणून लॅबमधला सर्वांत चांगला संगणक ऑफिसात गेला असेल, तर तो परत येईल हे धरून नियोजन करू नका.

तासाची बांधणी अशी. दहातला एक संगणक राखीव. तो तुमचा, आणि ऐन वेळी एखादा बंद पडला तर बदली. उरलेल्या नऊवर प्रत्येकी तीन मुलं, म्हणजे २७. निम्मी तुकडी सोमवारी संगणकावर, दुसरी निम्मी गुरुवारी. त्या दिवशी जी निम्मी संगणकावर नाही, तिला कागदावरचं काम. तिघांच्या गटात एकजण ‘हात’, एकजण ‘डोळे’, एकजण ‘वही’. हात म्हणजे कीबोर्ड आणि माउस फक्त त्याच्याकडे. डोळे म्हणजे कार्डावरची सूचना वाचून सांगणारा, त्याने माउसला बोटही लावायचं नाही. वही म्हणजे काय केलं, काय अडलं, पडद्यावर कोणता संदेश आला हे लिहिणारा. दर आठ मिनिटांनी टाळी वाजवा, जागा बदला. आठ त्रिक चोवीस मिनिटं. आधीची तीन बसण्यात, तीन तुमच्या सांगण्यात, शेवटची पाच सेव्ह करून बंद करण्यात. पस्तीस झाली.

हे चालतं ते दोन अटींवर. एक, संगणक तासाआधी चालू असले पाहिजेत. जुन्या हार्ड डिस्कवरचे संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटं सहज घेतात, तेवढ्यात एका मुलाची निम्मी पाळी संपते. दोन मुलांची पाळी लावून मधल्या सुट्टीतच बटणं दाबून घ्या. दोन, सूचना तोंडी देऊ नका. नऊ ठिकाणी एकाच वेळी ‘मॅडम, पुढे काय?’ सुरू झालं की तास गेला. अर्ध्या फुलस्केपवर सहा-सात पायऱ्यांचं कार्ड लिहा, झेरॉक्स काढून लॅमिनेट करा, दर वर्षी वापरा. शेवटची पायरी नेहमी ‘थांबा आणि दाखवा’. प्रोजेक्टर नसेल तर आदल्या दिवशी नऊ गटनायकांना राखीव संगणकाभोवती उभं करून वीस मिनिटांत धडा दाखवून ठेवा. गटनायक मात्र महिन्याला बदला, नाहीतर तोच कायमचा ‘हात’ होऊन बसतो.

मुलामुलींच्या मिश्र गटांत माउस मुलग्यांकडे सरकतो आणि वही मुलींकडे, पाळ्या लावल्या तरी. निदान पहिलं सत्र तरी मुलींचे गट वेगळे ठेवा. काही जणांना हे पटत नाही, पण चार तासांतली मिनिटं गळतात ती इथेच.

कागदावरचं काम म्हणजे वेळ काढणं वाटू देऊ नका. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेली ‘अनप्लग्ड’ म्हणून एक रीत आहे, संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची. त्यातला पाच पत्त्यांचा खेळ सर्वांत खात्रीचा. पुठ्ठ्याचे पाच पत्ते, त्यांवर १६, ८, ४, २, १ टिंबं, मागची बाजू कोरी. पाच मुलं वर्गाकडे तोंड करून उभी, वर्गाच्या डावीकडे १६चा पत्ता. कोणीतरी जन्मतारीख सांगायची. १९ तारीख? सोळा दाखव, आठ लपव, चार लपव, दोन दाखव, एक दाखव. दिसला तो एक, लपला तो शून्य: १००११. संगणक आकडे असेच, फक्त एक आणि शून्यात साठवतो. शून्य ते एकतीस सगळे आकडे पाच पत्त्यांत बसतात, म्हणून महिन्याची कुठलीही तारीख चालते. हमखास होणारी चूक म्हणजे पत्ते धरणारी मुलं स्वतःच्या डावीकडून लावतात आणि वर्गाला आकडा उलटा दिसतो. उभं राहायच्या जागा खडूने जमिनीवर लिहून ठेवा. पुढच्या तासाला सांगा की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ‘क’ला २३२५ हा क्रमांक दिलाय, ‘ख’ला २३२६. पत्ते २०४८पर्यंत वाढवले की बारा मुलं मिळून ‘क’ उभा करतात. शाळेतली जुनी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा का दिसतो, तेही इथेच समजावता येतं: त्या जुन्या फॉन्टमध्ये क्रमांक इंग्रजी अक्षरांचे आणि चित्रं मराठी अक्षरांची.

मराठी टायपिंगही कागदावरच सुरू करा. कीबोर्डचा आराखडा झेरॉक्स करून पुठ्ठ्यावर चिकटवा, बोटं त्यावर फिरू देत. मी इन्स्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-रचनेच्या, बाजूने आहे. मुलं घरच्या फोनवर इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहितात, त्यामुळे कुरकुर होणार हे धरून चाला. पण इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजवीकडच्या बाजूला, शिफ्ट धरली की ‘क’चा ‘ख’, ‘ग’चा ‘घ’. ही रचना बाराखडी येणाऱ्या मुलाला लगेच कळते. ‘कमल’ म्हणजे के, सी, एन. अडतं ते जोडाक्षरांत, कारण हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) वेगळा टाइप करावा लागतो आणि तो डीच्या कळीवर आहे. ‘सूर्य’साठी एम, टी, जे, डी आणि य, म्हणजे तिरप्या रेघेची कळ. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ हवा तर जे शिफ्ट धरून, मग डी, य, काना. हा फरक न सांगितल्यामुळे मुलं ‘वार्यावर’ लिहितात आणि संगणकाला मराठी येत नाही म्हणतात.

आता वर्षभरात काय. पहिले तीन-चार आठवडे फक्त फाइल: नाव द्या, सेव्ह करा, बंद करा, शोधून काढा, दुसऱ्या फोल्डरात हलवा. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जण गाळतात, आणि मग वर्षभर ‘मॅडम, माझी फाइल गेली’ चालतं. फोनवर वाढलेल्या मुलांना फोल्डर ही कल्पनाच माहीत नसते, तिथे सगळं गॅलरीत आपोआप सापडतं. नावाची एकच पद्धत फळ्यावर कायम लिहून ठेवा: इयत्ता-तुकडी, गट, धडा. आणि प्रत्येक गटाचा संगणक वर्षभर तोच. त्यासाठी संगणकांवर ऑइलपेंटने क्रमांक घाला.

मग टायपिंग, आणि त्यानंतर तक्ता, म्हणजे एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क. माझं मत विचाराल तर चार तासांतले दोन तक्त्यावर घालवले तरी वाया जात नाहीत. विषय शाळेतच पडलेला आहे: पोषण आहार. सहावी ते आठवीला दर मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. ही चार प्रमाणं एफ स्तंभात वरून खाली, पहिल्या चार ओळींत लिहायला सांगा. पाचव्या ओळीपासून ए स्तंभात तारीख, बीमध्ये हजेरी, सीमध्ये तांदूळ किलोमध्ये. सी५मध्ये मुलं लिहितात: =बी५*एफ१/१०००. हजेरी ५४, उत्तर ८.१. बरोबर. आता कोपरा धरून खाली ओढा.

दुसऱ्या दिवशी हजेरी ५२ आणि तांदूळ १.५६ किलो. तिसऱ्या दिवशी ५० मुलांना ३.७५. चौथ्या दिवशी ५४ मुलांना चारशे पाच ग्रॅम. पाचव्या दिवशी शून्य. इथे तुम्ही काही बोलू नका. ‘चारशे ग्रॅम तांदळात चोपन्न मुलं जेवली का?’ एवढंच विचारा आणि ‘वही’वाल्याला प्रत्येक ओळीतलं सूत्र उतरवून काढायला लावा. एफ१चं एफ२ झालं, मग एफ३, एफ४. म्हणजे दुसऱ्या दिवशी डाळीचं प्रमाण धरलं गेलं, तिसऱ्या दिवशी भाजीचं, चौथ्या दिवशी तेलाचं, पाचव्या दिवशी रिकामा चौकोन. त्यानंतर डॉलरचं चिन्ह शिकवा: =बी५*$एफ$१/१०००, आणि ओढा. ‘ॲब्सोल्यूट रेफरन्स’ची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे वीस मिनिटांत होतं आणि नंतर पुसलं जात नाही. म्हणूनच प्रमाणं आडवी न मांडता उभी मांडायची, नाहीतर चुकीचं उत्तर इतकं बोलकं येत नाही.

तक्त्यात आणखी एक खड्डा आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना टाइप केलेला देवनागरी आकडा बऱ्याचदा अक्षर म्हणून धरला जातो. कोणी ‘५४ मुले’ असं एकाच चौकोनात लिहितं, तोही अक्षरच. आकडा उजवीकडे चिकटतो, अक्षर डावीकडे. बेरीज कमी किंवा शून्य आली की आधी स्तंभात कोण डावीकडे बसलंय ते बघायचं, ही सवय लावा.

पुढचा धडा फोटो लहान करण्याचा, कारण तो त्यांना लगेच लागतो. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज पन्नास केबीच्या आतला फोटो मागतात आणि पालक त्यासाठी सेतूत किंवा झेरॉक्सवाल्याकडे पैसे मोजतात. फोनचा उभा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा असेल तर एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे न दाबता ३६ एमबी. तोच ३०० बाय ४०० केला की ३६० केबी, आणि जेपीजीने दाबल्यावर तो साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. पेंटमध्ये रिसाइज उघडा, पिक्सेल निवडा, प्रमाण कायम ठेवण्याची खूण तशीच असू द्या, रुंदी ३०० लिहा. ती खूण काढली की चेहरा चपटा होतो. हे काम फोटो लहान करून देणाऱ्या वेबसाइटवर करू देऊ नका. मुलांचे चेहरे परक्या सर्व्हरवर कशाला?

स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, शेवटच्या सत्रात. पाच-सहा तास पुरेत. नेट नसेल तर ऑफलाइन ॲप टाका. सगळ्यांची एक चूक ठरलेली: ‘कळ दाबली तर मांजर उजवीकडे जाईल’ असं लिहितात आणि ते हलत नाही. प्रोग्राम सुरू करणारा झेंडा दाबताक्षणी अट एकदाच तपासली जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रोग्राम संपतो. अटीभोवती ‘फॉरेव्हर’चा, म्हणजे ‘हे सतत करत राहा’चा, ठोकळा लागतो. दारावरचा शिपाई एकदाच बघून घरी गेला, असं सांगितलं की कळतं.

यंत्रांबद्दल, कारण निम्मे तास तिथे बुडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर संगणक चालू केला आणि तारीख बारा-पंधरा वर्षांपूर्वीची दाखवतोय, वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, तर नेट बिघडलेलं नसतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तो बदला, घड्याळ लावा, साइट उघडतील. पावसाळ्यात संगणक बीप-बीप करून अडला तर वीज बंद करून रॅम (मेमरीची पट्टी) काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा, भुगा झटका, परत बसवा. बऱ्याच वेळा एवढ्याने उठतो. यूपीएस दोन मिनिटांत मान टाकत असेल तर आतली १२ व्होल्टची बॅटरी गेली, ती दोन-तीन वर्षांनी जातेच. अख्खा यूपीएस बदलू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या दिवशी लॅब बंद ठेवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. इथे ‘चालतंय की’ म्हणायचं नाही.

मुलांचे पेनड्राइव्ह लॅबमध्ये नकोत. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस त्यातूनच येतो. आला तर घाबरून फॉरमॅट मारू नका, मूळ फोल्डर बहुतेक वेळा नुसते लपवलेले असतात. दुरुस्तीला थोडे पैसे मिळाले तर नवा मॉनिटर घेण्याऐवजी जुन्या संगणकांत हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी घाला, एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आपले बहुतेक संगणक ११ पेलत नाहीत. अशा वेळी एका संगणकावर विंडोजऐवजी लुबुंटूसारखं हलकं, मोफत लिनक्स टाकून महिनाभर वापरून बघा. लिब्रेऑफिस त्यावर तसंच चालतं. मात्र परीक्षेच्या तोंडावर नऊच्या नऊ बदलू नका.

नेटच्या सुरक्षिततेवर एक तास राखा, कागदावरचाच. ओटीपी, परक्याची लिंक, फोटोचा गैरवापर हे सांगताना पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हा नंबर पाठ करून घ्या. घरी पालकांच्या फोनवर आलेला मेसेज बऱ्याचदा मूलच वाचून दाखवतं, म्हणून हे घरापर्यंत पोचतं.

परीक्षा लेखी घेतली तर मुलं पुन्हा व्याख्यांकडे वळतील. प्रात्यक्षिक एकेकट्याची घ्या. नऊ संगणक, प्रत्येकी दहा मिनिटं, सहा फेऱ्यांत ५४ मुलं, म्हणजे तासभर. दोन तास जोडून मागा. कोरी फाइल देऊ नका, बिघडलेली द्या: कुठे डॉलर नाही, कुठे आकडा डावीकडे चिकटलाय, कुठे फाइलच चुकीच्या फोल्डरात. कॉपी टाळायची तर हजेरीच्या चौकोनात आपला हजेरीक्रमांक लिहायला सांगा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. प्रोजेक्ट घरून एआयकडून करून आणला असेल तर कुठल्याही एका चौकोनावर बोट ठेवून ‘हा आकडा इथे कसा आला?’ विचारा, अर्धे गुण त्या उत्तराला. बिघडलेली मूळ फाइल मात्र राखीव संगणकावर फक्त वाचण्यापुरती करून ठेवा. नाहीतर पहिल्या फेरीतलं कोणीतरी ती दुरुस्त करून त्याच नावाने सेव्ह करतं आणि पुढच्या पाच फेऱ्यांना तयार उत्तर मिळतं.